मासा जवळ का आला?

माझ्याजवळ पाण्याखाली काढलेले एक छायाचित्र आहे. पिवळसर पाठीचा आणि अंगावर पाच काळे उभे पट्टे असलेला वीतभर लांबीचा एक मासा कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा आहे. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी हे चित्र नववीच्या वर्गात दाखवले. मुलांना ते फार आवडले. एका मुलीने विचारले, "सर, मासा एवढा जवळ का आला?" मी सहज उत्तर दिले, "कुतूहलाने आला असेल." मुलीचे समाधान झाले.

हे उत्तर खोटे होते, आणि ते खोटे आहे हे मला ठाऊक होते. खरे उत्तर द्यायचे तर तो मासा जवळ येण्यापूर्वी मी काय केले होते, तेही सांगावे लागले असते. ते सांगायची मला लाज वाटली. विज्ञान शिकवणाऱ्याने निरीक्षणातला एक भाग लपवावा ही गोष्ट काही बरी नव्हे. म्हणून ते उत्तर आज येथे दुरुस्त करतो, आणि त्यानिमित्ताने पाण्यातील छायाचित्रणाविषयी माझे जे मत झाले आहे तेही विद्यार्थी मित्रांपुढे आणि शिक्षक बंधुभगिनींपुढे मांडतो.

मी देशावरचा माणूस. विहिरीत पोहायला शिकलो, समुद्राशी ओळख नाही. मे महिन्याच्या आरंभी मालवणला गेलो, तेव्हा बरोबर पाण्यात चालणारा एक लहानसा कॅमेरा होता. असे कॅमेरे आता बरेच स्वस्त झाले आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास उथळ पाण्यात खडक आहेत आणि त्या खडकांवर प्रवाळे आहेत. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर ज्या किल्ल्याचे काम सुरू केले, त्याच्या तटाजवळ पाण्याखाली ही दुसरी वस्ती आहे. या भागात १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे.

पाण्यावर पालथे तरंगत खाली पाहण्याच्या या प्रकाराला स्नॉर्केलिंग म्हणतात. त्याला साधने थोडीच लागतात: डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मुखवटा, तोंडात धरायची श्वासनळी आणि पायांत घालायची रबरी वल्ही. श्वासनळी साधारण हातभर लांबीचीच असते. ती दोन मीटर लांब केली तर तितक्या खोलवर जाऊन श्वास घेता येणार नाही का? येणार नाही. एक मीटर खोलीवर पाण्याचा जादा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०० ग्रॅम असतो. छातीचा एक हजार चौरस सेंटिमीटरचा भाग धरला, तरी हा भार १०० किलोग्रॅम होतो. फुप्फुसांतली हवा मात्र नळीवाटे वरच्या हवेशी जोडलेली, म्हणजे साध्या दाबाची असते. एवढे ओझे उचलून छाती फुगवण्याची ताकद आपल्या स्नायूंत नाही. म्हणून नळी आखूडच असावी लागते, आणि नवशिक्याने वरच तरंगावे हे चांगले.

पाण्यात तोंड घातल्याबरोबर पहिली फसगत डोळ्यांची होते. पाण्याचा अपवर्तनांक १·३३ आहे. मुखवट्याच्या सपाट काचेतून पाहताना चार फुटांवरची वस्तू तीन फुटांवर असल्यासारखी वाटते आणि तेवढी मोठीही दिसते. मी एका शिंपल्याकडे हात नेला तो अलीकडेच पाण्यात फिरला. कॅमेऱ्याचे भिंगही सपाट काचेमागे असते. त्यामुळे त्याच्या दृष्टीचा कोन आकुंचित होतो.

दुसरी फसगत रंगांची. तांबडा प्रकाश पाण्यात सर्वांत आधी शोषला जातो, आणि निळा दूरवर जातो. तीन मीटर खोलीवर मासा आहे आणि माझा कॅमेरा त्याच्यापासून एक मीटरवर आहे असे समजा. प्रकाशाला पृष्ठभागापासून माशापर्यंत तीन मीटर आणि तेथून कॅमेऱ्यापर्यंत एक मीटर, असे एकूण चार मीटर पाणी कापावे लागते. तेवढ्यात तांबड्याचा बराचसा भाग निघून जातो. शिवाय आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात गाळाचे आणि सूक्ष्म जीवांचे कण असतात. ते प्रकाश विखुरतात. झगमगदिवा लावून पाहिला, तर त्या कणांवरूनच प्रकाश परतला आणि चित्रात पिठाचा पाऊस पडल्यासारखे दिसू लागले. पहिल्या दिवशी मी पन्नासएक चित्रे काढली. सगळी हिरवट-निळी आणि धूसर होती.

यावर उपाय एकच, आणि तो पदार्थविज्ञानच सांगते: मधले पाणी कमी करा, म्हणजे प्राण्याच्या जवळ जा. माझ्या मते पाण्यातल्या छायाचित्रणाचा सगळा पेच येथे आहे. रानात वाघाचे चित्र दूरवरून, मोठ्या भिंगाने काढता येते. पाण्यात तसे करता येत नाही, तेथे जवळच असावे लागते. आणि प्राणी तर आपण जवळ गेलो की दूर जातो. मग नवशिक्यापुढे तीन वाटा उरतात. पहिली पाठलागाची, दुसरी लालूच दाखवण्याची आणि तिसरी वाट पाहण्याची. पहिल्या दोन मी स्वतः चालून पाहिल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी एका कपारीत अष्टपाद दिसला. खरे म्हणजे तो दिसला होडीवाल्या काकांना. मला फक्त दगड दिसत होता. अष्टपादाच्या त्वचेत रंगद्रव्याच्या असंख्य लहान पिशव्या असतात. त्यांच्याभोवतीचे स्नायू आखडले की पिशवी पसरते आणि रंग उघडा होतो, सैल पडले की मिटते. या स्नायूंना मेंदूकडून मज्जातंतू जातात, म्हणून रंगबदल डोळ्याच्या पात्यासारखा लवकर होतो. त्वचेवर उंचवटे काढून तो खडकाचा खडबडीतपणाही आणतो. हे सगळे मी वर्गात कित्येकदा शिकवले आहे. मला ते चित्रात हवे होते. कॅमेऱ्याच्या काठीने मी त्याला हळूच डिवचले. तो पांढरा पडला, मग काळपट झाला, शाईचा एक ढग सोडून निसटला. माझ्याकडे चित्र आले ते शाईचे.

वर आल्यावर काका म्हणाले, "मास्तर, तेका कित्याक त्रास देतास? तो खय जाणा नाय. गप ऱ्हवा, मगे बगा." गप्प राहा आणि मग पाहा: प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी अशी ही सूचना होती. मला ती तेव्हा कळली नाही.

पाठलागाचे आणखी एक नुकसान मला नंतर समजले. मुखवट्यामुळे बाजूचे दिसत नाही. त्यात डोळे कॅमेऱ्याच्या पडद्यावर असले की आपले पाय कोठे आहेत याचे भान राहत नाही. मासा डावीकडे वळला, मी वळलो, आणि माझ्या पायातले रबरी वल्हे खडकावर घासले. खाली पाहतो तो एका प्रवाळावर पांढरा ओरखडा उमटलेला. प्रवाळ हा दगड नव्हे. चुन्याच्या सांगाड्यावर अगदी पातळ थरात राहणाऱ्या लहान लहान प्राण्यांची ती वसाहत असते. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाले राहतात आणि प्रकाश-संश्लेषणाने केलेल्या अन्नाचा मोठा वाटा या यजमानांना देतात. गोल धोंड्यासारखी वाढणारी पुष्कळशी प्रवाळे वर्षाला साधारण सेंटिमीटरभरच वाढतात. म्हणजे वीतभर उंचीचे प्रवाळ तुमच्या मोठ्या भावाच्या वयाचे असू शकते. माझा ओरखडा एका क्षणाचा होता. समुद्राचे पाणी तापल्याने जगभरची प्रवाळे १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात पांढरी पडली, आणि २०२३ पासून चौथ्यांदा तसे मोठ्या प्रमाणावर घडले. अशा आजाऱ्याला आपण निदान लाथ तरी मारू नये.

आता त्या पट्टेवाल्या माशाकडे येऊ. गणवेशावरील फितींसारख्या पट्ट्यांमुळे इंग्रजीत त्याला सार्जंट मेजर म्हणतात. तिसऱ्या दिवशी मी बिस्किटांचा पुडा घेऊन पाण्यात उतरलो. इतर पर्यटकही तेच करत होते. बिस्किटाचा चुरा सोडताच पाचपन्नास मासे धावून आले. चित्रे निघाली, पण त्यांत नुसती झुंबड होती. तेवढ्यात एक मासा मला वेगळा वाटला. तो बिस्किटाकडे आला नाही. दीड मीटर खोलीवर एका खडकापुढे तो एकटाच घिरट्या घालत होता. त्याचे अंग इतरांपेक्षा निळसर, काळपट दिसत होते. मी जवळ गेलो, तसा तो थेट माझ्या अंगावर आला. मी मागे सरलो, तो परत गेला. मी पुन्हा पुढे झालो, तो पुन्हा आला. हवे ते सापडले होते! दहा मिनिटे मी हा खेळ करत राहिलो. बोट पुढे केले की मासा कॅमेऱ्यासमोर हजर. वर्गात दाखवलेले चित्र त्यांपैकीच आहे.

होडीत चढताना मी आनंदाने काकांना चित्र दाखवले. ते म्हणाले, "मास्तर, तो तुमका भेटाक येणा नाय. तेची अंडी आसत त्या खडपार. राखण करता तो."

या जातीत मादी खडकावर अंडी घालून निघून जाते, आणि ती फुटेपर्यंत नर त्यांची राखण करतो. त्या काळात त्याचा रंगही गडद होतो. हे मी पुस्तकात वाचले होते. पण पुस्तकातला मासा आणि समोरचा मासा एकच, हे माझ्या ध्यानात आले नाही. मी कॅमेऱ्यातील चित्रे पुन्हा नीट पाहिली. एका चित्रात मागे खडकावर लालसर-जांभळट थर दिसतो. ती अंडी. त्याच्या पुढच्या चित्रात मासा माझ्यावर धावून आला आहे आणि त्याच्या पाठीमागे तीन लहान मासे त्या थराला तोंडे लावत आहेत. माझ्या बिस्किटांनी जमवलेल्या गर्दीतलेच ते असावेत. पुढच्या चित्रात चार आहेत.

म्हणजे मासा कुतूहलाने आला नव्हता. तो मला हाकलत होता. मी त्याला जितका वेळ पुढे बोलावला, तितका वेळ त्याचे घर उघडे राहिले. मुलीच्या प्रश्नाचे खरे उत्तर हे आहे.

यावर कोणी म्हणेल, एका माशाच्या अंड्यांसाठी एवढे कशाला? समुद्रात अशी अंडी कोट्यवधी असतात. हे बरोबर आहे, आणि माझ्या एकट्याने जात नष्ट होणार नाही हेही बरोबर. पण सुट्टीच्या दिवसांत त्याच खडकावर सकाळपासून दुपारपर्यंत होडीमागून होडी येते. प्रत्येक होडीत बिस्किटांचा पुडा असतो आणि प्रत्येकाच्या हाती कॅमेरा असतो. मैदा आणि साखर हे माशांचे अन्न नव्हे. त्यांतले कित्येक मासे खडकावरचे शेवाळ खरवडून खातात, आणि शेवाळ आटोक्यात राहिले तरच प्रवाळाला जागा मिळते. आयते खायची सवय लागलेला मासा माणसाची वाट पाहत बसतो. त्याने आपले काम सोडले तर ते करणार कोण?

माझी दुसरी हरकत विज्ञानाची आहे, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. छायाचित्र हा पुरावा असतो. हा प्राणी येथे, या वेळी, असे करत होता, एवढे ते सांगते. बिस्किटाने जमवलेल्या माशांचे चित्र काय सांगते? माशांना बिस्किटे आवडतात, एवढेच. डिवचलेल्या अष्टपादाचे चित्र डिवचण्याविषयी सांगते, अष्टपादाविषयी फारच थोडे. प्रयोगशाळेत आपण तपमापक हातात धरून खोलीचे तपमान मोजत नाही, कारण मग ते हाताचे तपमान होते. पाण्यातही तोच नियम लागू आहे.

लुई बुताँ या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने १८९३ साली भूमध्य समुद्रात पाण्याखाली छायाचित्रे घेतली. त्याचा कॅमेरा जड पेटीत बसवलेला होता आणि ती पेटी त्याच्या भावाने तयार केली होती. प्रकाश कमी आणि काचपट्ट्या मंद, त्यामुळे एकेका चित्राला कित्येक मिनिटे, कधी अर्धा तास लागे. पाणबुड्याचा जड पोशाख घालून तो तळाशी थांबून राही. १९२६ साली लाँगली आणि मार्टिन यांनी फ्लोरिडाजवळ समुद्रातल्या माशाचे पहिले रंगीत चित्र घेतले, तेव्हा प्रकाशासाठी तराफ्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवावी लागली होती. मी हा इतिहास जुन्याचे कौतुक म्हणून सांगत नाही. बुताँला थांबणे भागच होते. आपला कॅमेरा सेकंदाच्या शंभराव्या भागात चित्र घेतो, म्हणून आपल्याला थांबण्याची गरज नाही असे वाटू लागते. वेळ वाचला तो कॅमेऱ्याचा. प्राण्याला आपली सवय व्हायला लागणारा वेळ होता तेवढाच आहे.

होडीवाल्यांचेही म्हणणे ऐकले पाहिजे. पर्यटक पैसे देतो ते मासे पाहायला. मासे दिसले नाहीत तर तो कुरकुरतो, म्हणून बिस्किटे आणावी लागतात. मासेमारी करणाऱ्या अनेक घरांत आता या धंद्याने चूल पेटते, आणि अभयारण्याविषयीही किनाऱ्यावरच्या लोकांच्या मनात शंका आहेतच. त्यांना दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. मागणी आपली आहे. "काका, बिस्किटे नकोत, आम्ही थांबतो," असे पाण्यात उतरणाऱ्यांपैकी निम्म्यांनी जरी म्हटले, तरी ही रीत बदलेल असे मला वाटते. ज्या काकांनी मला कपारीतला अष्टपाद दाखवला आणि अंड्यांची गोष्ट सांगितली, त्यांच्याजवळ बिस्किटांहून मोलाचे देण्यासारखे पुष्कळ आहे. आपण त्यांना ते विचारत नाही.

आणखी एक आक्षेप असा, की चित्रेच काढली नाहीत तर समुद्राची माया लोकांना कशी लागणार? चित्रे काढू नका असे मी म्हणतच नाही. तिसरी वाट उरली आहे, तिच्याने काढा. चौथ्या दिवशी मी पुडा न घेता उतरलो. पहिली दहा मिनिटे कॅमेरा मनगटाला लटकत ठेवला आणि हातपाय न हलवता तरंगलो. आधी काहीच दिसले नाही. मग खडखड असा बारीक आवाज जाणवला, आणि एक पोपटमासा खडक खरवडताना दिसला. आपल्या चोचीसारख्या दातांनी तो शेवाळाबरोबर चुनाही खातो आणि त्याची वाळू करून बाहेर टाकतो. मग वाळूत पडलेल्या समुद्रकाकडीचे एक टोक हलले. वीस मिनिटांनी कपारीतला 'दगड' पुढे सरकला, त्याला एक डोळा फुटला, आणि अष्टपाद बाहेर येऊन माझ्या देखत वाळूचा रंग घेऊ लागला. त्याचे माझे चित्र थोडे धूसर आहे. पण त्यात अष्टपाद जे करतो आहे ते त्याचे स्वतःचे आहे.

शिक्षकांना माझी सूचना अशी. सहल कोकणात नेलीत तर मुलांना आधी ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांशी बसवा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास ओहोटी मोठी असते. भरतीची वेळ विचारून घ्या. एका डबक्यापाशी पंधरा मिनिटे गप्प बसून दिसेल ते वहीत लिहायचे. समुद्रफूल, खेकडा, तारामासा यांना हात लावायचा नाही, उचलायचे नाही. यासाठी कॅमेरा लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. ज्यांना पोहता येते, त्यांनी मोठ्यांच्या सोबतीनेच, तरंगजाकीट घालून पाण्यात उतरावे. बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेऊ नयेत. त्याने श्वास घेण्याची जाणीव उशिरा होते आणि पाण्याखालीच शुद्ध हरपण्याचा धोका असतो.

छायाचित्र काढणाऱ्या मित्रांसाठी एकच नियम सुचवतो. प्रत्येक चित्राखाली पाच गोष्टी लिहा: तारीख आणि वेळ, ठिकाण, अंदाजे खोली, प्राणी काय करत होता, आणि त्या वेळी मी काय करत होतो. पाचवी गोष्ट लिहायला लाज वाटेल असे चित्र काढू नका.

माझे ते चित्र आता शाळेच्या प्रयोगशाळेत लावले आहे. त्याखाली मी पाचही गोष्टी लिहिल्या आहेत. प्राणी काय करत होता: 'अंड्यांची राखण.' मी काय करत होतो: 'बोट पुढे करून त्याला अंड्यांपासून दूर आणत होतो.' प्रश्न विचारणाऱ्या मुलीने ते वाचले आणि लगेच दुसरा प्रश्न विचारला, "मग त्या अंड्यांचे काय झाले, सर?"

या खेपेस मी खरे उत्तर दिले. म्हणालो, "मी ते पाहिले नाही. मी चित्र काढत होतो."